दोन सड पारडाचे

धुरपदाबाईचा बाप गणपत खानदेशातून सुरतेला आला तो मिलमध्ये राबायला, पण माणूस मातीचा. जन्मभर पोटाला चिमटा घेऊन त्यानं इच्छापोरच्या पुढं एक तुकडा घेतला. जमीन खारी. पीक म्हणावं तसं यायचं नाही, पण गवत असं माजायचं की उभा माणूस दिसू नये. गणपत गेला अन् एकुलती लेक म्हणून तो तुकडा धुरपदाच्या पदरात पडला. हजीऱ्याच्या रस्त्याला तेव्हा कारखान्यांची रांग लागली होती. जो तो म्हणे, विकून मोकळी हो. ती म्हणे, "बापानं माझ्यासाठी गवत ठेवलंय. मी म्हैस बांधीन."

अन् बांधली. गाभण म्हैस आणली, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून नाव चांदरी. चांदरी व्याली अन् झाला हाल्या, नर पारडू. वगार झाली असती तर पुढं दुधाची आशा. हाल्याचं काय करायचं? नवऱ्याचं तोंड तेव्हाच वाकडं झालं.

नवरा श्रीरंग सुरतेत लिंबायतला साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, कापड विणायचा. माणूस वाईट नाही बाई, पण डोक्यात चोवीस तास साचा खडखडत असायचा. अन् इकडं गणपतचा नेम होता: म्हशीचे सड चार, दोन घराचे, दोन पारडाचे. त्याच्या वाट्याला हात लावायचा नाही. धुरपदा तस्संच करायची. डेअरीच्या सोसायटीत दूध जायचं ते किटलीच्या बुडाशी खेळणारं. ते बघून श्रीरंग आतल्या आत जळायचा.

"अर्धं दूध हा हाल्याच ढोसतो," तो म्हणायचा. "साच्यावर अर्धा ताणा असा वाया घालवला तर शेठ मला उभा करील का?"

"साचा अन् म्हैस एकच का हो?" धुरपदा म्हणायची. "साच्याला आई असते का?"

एकदा ती नणंदेच्या घरी हळदीला गेली, राहिली. सकाळी येऊन बघते तर पारडाचा खुंटा रिकामा. चांदरी खुंट्याकडं तोंड करून हंबरतेय.

"पारडू कुठंय?"

श्रीरंग दात घासत होता. मान वर न करता म्हणाला, "माझ्यासोबत साच्यावर असतो त्या धुडकूला दिलं. त्याच्या ओळखीचा एकजण न्यायला येणार आहे."

"कोण एकजण?"

तो चूळ भरत राहिला. हाल्याला न्यायला कोण येतं, ते तिला सांगायची गरज नव्हती.

रागानं तिचे कान तापले. तरी आधी बादली घेऊन बसली, कास धुतली, सड ओढले. थेंब नाही. चांदरीनं सगळं दूध वर चोरलं. तेवढ्यात श्रीरंग आला, हातात सुई.

"तबेल्यावाले हेच करतात. टोचली की पान्हा सुटतो. नाहीतर आटेल ती. मग म्हैसही विकू अन् जमीनही."

धुरपदानं सुई हिसकावली अन् उकिरड्यावर भिरकावली. "तुमच्या आईला टोचली होती का कोणी, तुम्हाला पाजायला? मेलं लक्षण! लेकरू कसायाच्या दारात बांधता अन् आईला सुया टोचता? आटू दे. पण आटली तर जमिनीचं नाव काढू नका, तुमचंच जेवण आटवीन!"

पदर खोचला अन् निघाली लिंबायतला. श्रीरंगच्या साच्यांच्या कारखान्याबाहेर विजेच्या खांबाला पारडू बांधलेलं, पोरं त्याला बिस्किटं चारतायत. धुडकू दारात विडी ओढत होता.

"या वैनी. एका हाल्यासाठी एवढ्या लांब?"

"दोरी सोड."

"वैनी, मी शब्द देऊन बसलोय."

"मग तू जा त्याच्यासोबत. तुझ्यातही दूध नाहीच!"

पोरं खिदळली. धुडकूनं मुकाट गाठ सोडली. ती पारडाला उचलून रिक्षात बसली. रिक्षावाला ओरडला, "अरे बेन, आ रिक्षा छे, गाडुं नथी!"

"माझा लेक आहे," ती म्हणाली. "चल."

गोठ्यात आणून सोडलं तर चांदरीनं हुंगलं, फुरफुरली अन् तोंड फिरवलं. पारडाला विडीचा, तेलाचा, बिस्किटाचा वास. धुरपदाचं काळीज फाटलं अन् राग दुप्पट झाला. दारात उभ्या श्रीरंगकडं बघून म्हणाली, "बघा. एका रात्रीत आईला लेकरू परकं केलं तुम्ही."

घरातून मीठ आणलं, ओलं करून पारडाच्या अंगभर चोळलं. चांदरीनं जीभ लावली. मीठ आवडलं, पुन्हा लावली. मान, पाठ, शेपटीपर्यंत चाटत गेली. मग बारीक हुंकारली. पारडानं कासेला ढुशी दिली अन् पान्हा सुटला, फेस त्याच्या तोंडातून गळायला लागला.

श्रीरंग हळूच बादली घेऊन पुढं आला.

"ठेवा ती खाली. आधी त्याचं होऊ दे."

पारडू पोटभर पिऊन कासेपासून सुटलं तेव्हा ती दुसऱ्या बाजूला बसली. बादलीत धारा वाजू लागल्या. श्रीरंगला जरा धीर आला.

"दोन सड घराचे, दोन त्याचे," तो हसून म्हणाला. "अन् माझं काय?"

"शेण," धुरपदा म्हणाली. मान वर केली नाही तिनं.

दुसऱ्या दिवशी साच्यावर जायच्या आधी श्रीरंग गोठ्यात शेण भरताना दिसला. तिनं फक्त फावडं कुठं ठेवायचं, ते बोटानं दाखवलं.