तीन वेळा बंद पाडलेली लढाई

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे सांगताना मलाच दमायला होतं. चहा येतोय तोवर ऐका. आमच्या घरात कॉम्प्युटर आला होता, आणि त्याच्यापुढे बसून मी जी अक्कल पाजळली, तिला परळपासून लालबागपर्यंत तोड नाही.

गिरण्यांच्या संपानंतरची गोष्ट. मी साचेखात्यातला विणकर. म्हणजे होतो. गिरणी बंद, आणि माझी बायको सुलभा डबे करून घर चालवत होती. तिचे मामा फोर्टमधल्या एका ऑफिसात हेडक्लार्क. तिथे कॉम्प्युटर येणार होते आणि त्यावर बसायला माणसं लागणार होती. मामांनी विचारलं, "जावईबापू, कॉम्प्युटरमधलं काही कळतं का?" बेकार माणसाला कोणी काहीही विचारलं तरी तो हो म्हणतो. मी हो म्हटलं. वर म्हटलं, "घरीच आहे आमच्या."

अगदीच खोटं नव्हतं ते. मेव्हणा बोटीवर होता. त्याने तिकडून एक आणला होता आणि ठेवायला जागा नाही म्हणून आमच्याकडे टाकला होता. पाटीएवढा, रबरी बटणांचा. सोबत गेमची एक कॅसेट. तिच्यावर काय चित्र होतं म्हणून सांगू: लाल विमान, मागे पेटलेलं आकाश, चहूकडून गोळ्या. तो गेम मला ठाऊक होता. लालबागच्या नाक्यावर व्हिडिओ गेमचं दुकान निघालं होतं, तिथल्या उभ्या मशीनवर हाच चालायचा. मी बाहेर उभा राहून तासन्‌तास बघितलाय. बेकाराला दुसरं काय काम? काय ते रंग, काय ते स्फोट. रस्त्यावर कानठळ्या बसायच्या.

मग ठरलं. रविवारी मामा जेवायला येणार, मी त्यांना गेम चालवून दाखवणार, आणि सोमवारी मामा साहेबांच्या कानावर घालणार की माणसाचा हात बसलेला आहे. सुलभाने त्या दिवशी सुरमई आणली. यावरून समजा काय ते.

शेजारचा दत्ताराम, माझ्याच खात्यातला, सकाळपासून येऊन बसला होता. कॉम्प्युटरला पडदा म्हणून जोडलेला टीव्ही त्याचाच होता ना. ब्लॅक अँड व्हाइट, पण चित्र स्वच्छ.

जेवणं झाली. टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला जोडली आणि कॅसेट चालू केली; तिच्यावरूनच गेम आत उतरायचा. अशी कॅसेट लागताना तुम्ही कधी ऐकलीय? पत्र्यावर खिळा ओढत राहावा तसा आवाज, सलग आठ मिनिटं. समोरच्या खोलीतल्या काकू येऊन विचारून गेल्या, कोणाला काही लागलंय का. मामा शांत बसले होते. जावयाच्या घरी माणूस शांतच बसतो.

आवाज थांबला. पडदा काळा झाला. मग चार-पाच पांढरे चौकोन अडखळत अडखळत खाली यायला लागले. तळाशी कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखं काहीतरी, कोपऱ्यात आकडे, आणि मधूनच टिचकी मारल्यासारखा एक टक्क आवाज.

"हे काय?" मामांनी विचारलं.

"मशीन गरम होतंय, मामा. गेम यायचाय अजून. तोवर तुम्ही बटणं तपासून बघा."

मामांनी तपासली. जन्मभर टाइपरायटर बडवलेली बोटं ती. कोपऱ्यातले आकडे भराभर वाढायला लागले. मी दत्तारामला समजावलं की ते मशीनचं मीटर आहे, भरलं की गेम येतो.

एकदम पडदा फडफडला आणि चौकोनांच्या चिंध्या झाल्या. आता आमच्या कामात कसं असतं, धागा तुटला की आधी साचा, म्हणजे माग, बंद करायचा आणि मग विचार करायचा. नाहीतर कापड फुकट गेलंच. आख्खी उमर त्यात गेलेली. मी प्लग ओढला.

"काही नाही मामा, तुटलं होतं. पुन्हा लावतो."

पुन्हा आठ मिनिटं खिळा आणि पत्रा. पुन्हा तेच चौकोन. या खेपेला मामा पुढे सरकून बसले. सुलभाने चहा आणला तर वळून न बघता "ठेव" म्हणाले. मला तेव्हाच कळायला हवं होतं, नाही का?

दत्ताराम माझ्या कानाशी लागला. "अरे, ता चालूच आसा मरे."

"तू गप रे. नाक्यावरचा बघितलायस ना? हे तसं दिसतंय?"

दिसत नव्हतंच. दत्तारामलाही ते पटलं. तेवढ्यात पुन्हा फडफड, आणि पुन्हा प्लग.

तिसऱ्यांदा कॅसेट लागली तेव्हा मामा म्हणाले, "जावईबापू, या वेळी जरा थांबा हं."

"काळजीच करू नका, मामा. मी बसलोय ना." माझा हात स्विचवरच होता.

आकडे वाढत चालले. मामांच्या कपाळावर घाम, जिभेचं टोक बाहेर. शेवटी अर्धा पडदा व्यापणारा एक चौकोन खाली उतरला, थरथरला आणि फुटायला लागला. माझ्या हाताने मला न विचारता स्विच बंद केला.

मामांनी बटणांवरची बोटं उचलली.

"तो शेवटचा होता," मामा म्हणाले.

"कोण?"

"शत्रू. फडफडत होता म्हणजे मरत होता तो. तिन्ही वेळा मी जिंकत होतो."

त्यांनी कॅसेटची डबी उचलली आणि उलटून माझ्यापुढे धरली. मागच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा फोटो होता: काळा पडदा, पांढरे चौकोन. पुढचं लाल विमान बघून मी इतका खूश होतो की डबी कधी उलटलीच नव्हती. पुढे मेव्हणा सांगत होता, तिकडेही लोकांनी त्या गेमला शिव्याच घातल्या. नाव दुकानातल्या उभ्या मशीनवरच्या गेमचं आणि आत हे असलं. पण शिव्या घालायला तरी त्यांना तो ओळखता आला.

चपला घालताना मामा म्हणाले, "राग मानू नका. पण आमच्याकडे त्या मशीनवर लोकांचे पगार निघणार आहेत. मध्येच तुम्ही प्लग…" वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. चांगला माणूस.

ते गेले. सुलभा कपबशा गोळा करत होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "जाऊ दे गं. उद्या गिरणीच्या गेटवर चक्कर मारून येतो. चालू होणार असं म्हणतायत."

ती थांबली. आवाज चढवला नाही तिने.

"अहो, तुम्हाला सुरू झालेलं कळत नाही, आणि संपलेलंही कळत नाही."

लागलं मला ते. पण खोटं थोडंच होतं. सोमवारी मी गेटवर गेलो नाही.

मंगळवारी गेलो.