घाटातली नावं

नाशकात रेल्वे आमच्या दाजींनी आणली नाही, एवढी एकच गोष्ट त्यांच्या हातून राहून गेली होती. बाकी त्या रेल्वेचं सगळं त्यांनी केलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाशिकरोडच्या एका शाळेत ते भूगोल शिकवायचे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते अक्काला बघायला घोटीला आमच्या घरी आले, पोह्यांची बशी हातात घेतली आणि सहज आजीला विचारलं, "तुमच्यातलं कुणी कसारा घाटात रेल्वेच्या कामावर होतं का हो?" आजी म्हणाली, "माझा आजा व्हता की. बोगद्यात दरड पडली, तितंच ग्येला." झालं! पोहे गार झाले, अक्का दारात उभी राहून कंटाळली आणि दाजी आजीसमोर मांडी ठोकून ऐकत बसले. उठताना त्यांनी त्या आजोबांचं नाव विचारलं. आजी नाव सांगून म्हणाली, "आजपातुर कुनी इचारलं नव्हतं रं बाबा." अक्का पुढे जन्मभर म्हणायची, "मला बघायला आले आणि आजीला पसंत करून गेले."

लग्नानंतरही फार काही बदललं नाही. अक्काने मेथी आणायला पाठवलेले दाजी संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन परतायचे, कारण देवळाली कॅम्पात रुळांची देखभाल केलेला कुणी निवृत्त गँगमन सापडलेला असायचा. नाशिकरोडहून गावात पूर्वी ट्राम जायची, तिचा मार्ग शोधत ते भर रस्त्यात पावलं मोजायचे आणि मागे टांगेवाले शिव्या घालायचे. एकदा त्यांनी एका मिठाईवाल्याला आनंदाने सांगितलं, "तुमच्या या पायरीखाली ट्रामचे रूळ होते!" तो घाबरून म्हणाला, "मास्तर, मग आता पायरी काढावी लागंल का?" वर्गात तर विचारूच नका. त्यांची मुलं भूगोलात हिमालयापर्यंत कधी पोचलीच नाहीत. कसाऱ्याला घाट चढण्यासाठी गाडीला मागून दुसरं इंजिन लागेपर्यंत वर्ष संपायचं.

पण या सगळ्या हसण्यामागे एक दुखणं होतं. मी एकदा चेष्टेत म्हटलं, "दाजी, इंजिनांवर इतका जीव, तर ड्रायव्हरच व्हायचं होतं की." ते हसले नाहीत. "मला इंजिनाचं काही नाही, मेव्हणे," ते म्हणाले. "साहेबांची नावं पुस्तकात आहेत. ज्यांनी डोंगर फोडला, पटकीच्या साथीत पटापट मेले, त्यांची कुठं आहेत?" दर रविवारी ते पॅसेंजरने इगतपुरीकडे जायचे आणि वाड्यापाड्यांवर म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत फिरायचे. आणीबाणीत तर पंचाईतच झाली. मास्तर दिसला की नसबंदीला न्यायला आला म्हणून पुरुषमंडळी शेतात पळायची. दाजी बांधावर उभे राहून ओरडायचे, "अहो, मला तुम्ही नकोत! तुमचे खापरपणजोबा हवेत!" वर्षानुवर्षं हिंडून मूठभर नावं मिळाली. आडनावं तर जवळजवळ नाहीतच. तरी ती त्यांना तोंडपाठ होती.

पुढे एकदा स्टेशनवर कसलासा समारंभ झाला. मोठ्या लोकांची मोठी भाषणं झाली आणि आयत्या वेळी स्थानिक अभ्यासक म्हणून दाजींना उभं केलं. त्यांनी ना नमस्कार केला, ना प्रस्तावना. थेट नावंच घ्यायला लागले. निम्मी झाली नाहीत तोच एक मालगाडी धडधडत आली. डब्यांमागून डबे जात राहिले. दाजी तोंड मिटून थांबले. गाडी गेल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लोक चहाकडे सरकले होते. अक्का मात्र पहिल्या रांगेत ताठ बसून होती. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "गाडीला थांबवता आलं असतं, तर थांबवलं असतं मी."

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दाजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ओठ नुसते हलायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. असेच काही महिने गेले. मग एके दिवशी एका पाड्यावरची चार माणसं घरी आली. त्यांनी वर्गणी काढून रुळापासून जवळच, आपल्याच वावरात, एक दगड उभा केला होता. मास्तर इतकी वर्षं विचारत आणि ऐकवत फिरले, ती नावं त्याच्यावर कोरली होती. "मास्तर, तुमी आल्याबिगर नारळ फोडनार नाय," त्यातला म्हातारा म्हणाला.

आम्ही दाजींना नेलं. रस्ता संपला तिथून पाड्यावरच्या पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. दगडासमोर खुर्ची ठेवली. दाजी सावकाश एकेका नावावरून नजर फिरवत होते. अचानक ते घशातून आवाज काढून डावा हात हलवायला लागले. आम्ही घाबरलो. अक्काला मात्र कळलं. तिने अंगणवाडीतून खडू मागवला आणि त्यांच्या बोटांत दिला. घाटात माती वाहणाऱ्या एका बाईचं नाव गवंड्याने 'सखु' असं कोरलं होतं. दाजींनी डाव्या हाताने त्याखाली दीर्घ उकार काढला आणि दमून मान मागे टेकली.

गवंडी जीभ चावून म्हणाला, "चुकलं मास्तर. करतो दुरुस्त." सगळे हसले. दाजीही अर्ध्या तोंडाने हसले. अक्का तेवढी दगडाकडे पाठ करून, पदरात तोंड खुपसून कितीतरी वेळ रडत होती.

त्याच हिवाळ्यात दाजी गेले. पुढे केव्हातरी मी एकटाच तिकडे जाऊन आलो. गवंड्याने शब्द पाळला होता, पण दगडावरचं कोरलेलं पुसायचं कसं? त्याने ह्रस्व उकाराच्या खालीच दीर्घ खोलवर कोरला होता. सखूला आता दोन उकार आहेत. मी त्यांवरून बोट फिरवलं. वरचा उन्हापावसाने थोडा बुजला होता. खालचा अजून बोटाला टोचत होता.