रफीकचं कारण

हे अजून कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही अर्धंच ठाऊक आहे—आणि खोटं बोललो ते तिच्याच नावावर.

घाटंजीतल्या एका पतसंस्थेचा मी व्यवस्थापक होतो. लोकांच्या ठेवी खाल्ल्या. ते जगजाहीर आहे, तुरुंगही भोगला. पण कशासाठी खाल्ल्या? लोकांनी 'भाऊ' म्हणावं म्हणून. लग्नपत्रिकांत नाव छापून यावं, गणपती मंडळाची सगळ्यात मोठी पावती आपली असावी—असल्या फुकटच्या मोठेपणापायी.

माझ्यासोबत अडकला रोखपाल रफीक. त्याने थोडेच घेतले होते, आईच्या डायलिसिससाठी. तारखेला यवतमाळला जाताना एसटीत त्यानेच मला हे सांगितलं. "शिक्षेच्या वक्ती जजसाहेबाले खरं सांगून देतो. अम्मीकडं पाहून तरी दया येईन," म्हणाला. मी नुसती मान हलवली. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं का? हो, आलं होतं.

गुन्हा शाबीत झाला, की शिक्षा ठरवण्याआधी न्यायाधीश प्रत्येकाला विचारतात—काही म्हणायचं आहे? पहिला आरोपी मी, म्हणून आधी मला विचारलं. आणि मी रफीकच्या आईचा आजार उचलून माझ्या बायकोला लावला. तिला साधी शुगर. तीच फाईल वकिलाने पुढे केली. माझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं—निर्लज्ज मेलं!

मग रफीकची पाळी. त्याने तेच सांगितलं. कागद घरी राहिले होते. माझं ऐकून त्याला सुचलं, असंच न्यायाधीशांना वाटलं. मी शेजारीच उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं—साहेब, खरं त्याचं आहे. जीभ झडली होती का माझी?

मला कमी शिक्षा झाली, त्याला जास्त. तो आत असतानाच त्याची आई गेली. तिला डायलिसिसला न्यायला कोणी उरलं नव्हतं. मी मात्र सुटून आलो, तर 'बायकोसाठी केलं बिचाऱ्यानं' म्हणत गावाने सांभाळून घेतलं. बायको लाजेने घराबाहेर पडेनाशी झाली. लोकांना वाटलं, आजारामुळे.

परवा बाजारात रफीक भेटला. वाटलं, आता तोंडावर थुंकेल. त्याने माझा हात धरला.

"भाभीची तब्येत कशी हाय, साहेब? त्या दिवशी एसटीत तुमी एका शब्दानं बोलले नाही. डायलिसिस चालू हाय ना?"

मी म्हणालो, चालू आहे.