टाकीचं झाकण

ओल्या हळदीला पेट्रोलचा वास लागला की मला शिरड शहापूरच्या पुढचा तो रस्ता आठवतो. बाबांनी आपली जुनी, गोल बोनेटची गाडी मला न देता थोरल्या भावाला दिली होती, आणि त्या दसऱ्याला तीच घेऊन आम्ही आत्याला सोनं द्यायला वसमतला निघालो होतो. बाबा ऐटीत पुढं, भाऊ स्टिअरिंगवर, मी मागं आपट्याच्या पानांसोबत. गाडी थोडं चालायची, आचके द्यायची आणि बंद पडायची. जरा थांबलं की पुन्हा चालू. भाऊ कार्बोरेटर फुंकून फुंकून घामानं निथळला, आणि मला आतून गार वाटत होतं. शेवटी न राहवून मी मागं जाऊन टाकीचं झाकण फिरवलं, तशी टाकीनं सुस्स करून हवा ओढली. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. वहिनीनं सकाळी पूजेच्या भरात त्यावर हळदीकुंकवाचा जाड लेप थापला होता. हवाच आत जाईना, तर पेट्रोल पुढं सरकणार कसं? काडीनं भोक मोकळं करून मी ओरडलो, "मार सेल्फ!" भावानं चावी फिरवली, गाडी लगेच सुरू झाली. मी हात पुसत पुढं आलो, तर बाबा भावाची पाठ थोपटत होते. मला म्हणाले, "गाडी बी हात वळखते. ह्याला काहून दिली, कळलं का आता?" भाऊ नुसता हसला. आज बाबा नाहीत, माझ्या दारात माझी नवी गाडी आहे. तरी दसऱ्याला हळद कालवताना वाटतंच, त्या दिवशी ते झाकण उघडायलाच नको होतं.