बिनचवीची पावडर

पिपरी मेघेत माझं प्रोटीन पावडरचं दुकान आहे. जिमची पोरं घोळक्यानं येतात, आरशात दंड बघतात, चॉकलेट घ्यावं की मँगो यावर वाद घालतात. ते काका मात्र ऑफिस सुटलं की एकटेच येत. टिफिनची पिशवी पायांत धरून एकेक डबा उचलत, चष्मा कपाळावर सरकवून मागची बारीक अक्षरं वाचत आणि दर वेळी तेच विचारत, "भाऊ, हे पचते ना?"

"पचते, काका." सांगून सांगून मी कंटाळलो होतो. या वयात यांना कशाला बॉडी हवी, असंही मनात यायचं.

एकदा म्हणाले, "बिनचवीचं आहे का? बाबाले वरणात मिसळून द्याचं आहे. जुने पहेलवान आहेत. आता त्याईच्यानं गिलासही उचलत नाई, पण असा डब्बा पाह्यला तं फेकून देतीन."

पावडर त्यांनी तिथंच टिफिनमध्ये ओतून घेतली. दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र असलेला रिकामा डबा माझ्याकडेच ठेवला.

पुढे आले तेव्हा मी विचारलं, "काय म्हणतात पहेलवान?"

"गरम वरणात गुठळ्या झाल्या. बाबाले लगेच समजलं."

"फेकलं का मग?"

त्यांनी सवयीनं एक डबा उचलला आणि न वाचताच खाली ठेवला.

"नाई. मान खाली घालून खाऊन घेतलं. फेकलं असतं तं बरं वाटलं असतं, भाऊ."