रॅटस रॅटस आणि आम्ही दोघी

माझं आणि माझ्या सासूबाईंचं पहिलं नाव एकच. लग्न ठरताना पत्रिका, उंची, देणंघेणं यांतलं काहीच आडवं आलं नाही, हे आलं. सासरची माणसं मूळची रत्नागिरीकडची, मुंबईतली चाळीतली खोली विकून नुकतीच मीरा रोडला दोन खोल्यांत राहायला आलेली. त्यांनी गृहीतच धरलं होतं की माझं नाव बदलणार. मुलगा आईच्या नावानं बायकोला हाक कशी मारेल? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहायचं, की झालं.

मी साखरपुड्यालाच सांगितलं, "तांदूळ शिजवा. लिहू नका."

मी ज्युनियर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. पदवी, नेमणुकीचं पत्र, सगळं त्या नावाचं होतं. पण ते निमित्त. कागद बदलून मिळतात. मला माझं नाव आवडायचं आणि ते सोडावं असं एकही कारण कुणी देत नव्हतं.

शिकवायला माझ्याकडे वर्गीकरण होतं. काळ्या उंदराचं शास्त्रीय नाव रॅटस रॅटस, नागाचं नाजा नाजा, चितळाचं ॲक्सिस ॲक्सिस. मुलांना ही छपाईची चूक वाटायची आणि उत्तरपत्रिकेत ती एकच शब्द लिहून मोकळी व्हायची. मी फळ्यावर समजावून द्यायचे. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे घराण्याचा. दुसरा त्या प्राण्याचा स्वतःचा. उंदीर आधी दुसऱ्या घराण्यात होता, तेव्हा तो मस रॅटस. पुढे त्याचं घराणं वेगळं काढलं आणि त्या घराण्यालाही रॅटस हेच नाव पडलं. आता एकच शब्द दोनदा येणार, कानाला कसंतरी लागणार. लागू दे. घराणं बदललं म्हणून प्राण्याचं पहिलं मिळालेलं नाव काढून घ्यायचं नाही, असा प्राणिशास्त्राचा नियम आहे.

आमचे वनस्पतिशास्त्राचे सर स्टाफरूममध्ये चिडवायचे. "मॅडम, आमच्याकडे असली पुनरुक्ती चालत नाही. दोन्ही शब्द सारखे आले की दुसरा बदलावाच लागतो. आमचा नियम लावा, सासर खूश."

"मी झाड नाही, सर," मी म्हटलं.

लग्न झालं, नाव राहिलं. नवऱ्यानं मात्र ते एकदाही उच्चारलं नाही. "अगं", "ऐकलंस का", फारच अडलं तर भांड्यावर चमचा वाजवायचा. समोरच्या गुजराती भाभींना या प्रकाराची फार मजा वाटायची. "सास-बहू का सेम नाम? तो फिर बुलाते कैसे हैं?"

"जरूरत पडती है तो आ जाती हूँ," मी सांगायचे.

थोरली नणंद माहेरी आली की सुनवायची, "आईचं नावसुद्धा सोडलं नाही हिनं. उद्या चाव्या मागेल." सासूबाई यावर काही बोलायच्या नाहीत. माझ्याशीही कामापुरतंच. मी धरून चालले होते की त्या रागावल्यात, आणि राग जायची वाट बघत बसायला मला वेळ नव्हता.

मग रेशनकार्डाचं झालं. माहेरच्या कार्डातून नाव कमी करून सासरच्या कार्डात घालायचा अर्ज मी दिला. कार्ड परत आलं तर माझं नाव खाली नीट लिहिलेलं, आणि वरच्या सासूबाईंच्या नावावर लाल रेघ. कारकुनानं नाव आणि आडनाव पाहिलं, मधलं पाहिलंच नाही. एकच बाई दोनदा आली असं समजून त्यानं जुनी नोंद उडवली.

घरात एकदम आवाज चढले. सासरे म्हणाले, "घरच्या बाईला घरातनं काढली! आता तरी नाव बदल." नवरा वर्तमानपत्रात शिरला. मी म्हटलं, चूक कारकुनाची आहे, दुरुस्त तो करेल. पर्स उचलली. दारात पाहते तर सासूबाई चपला घालत होत्या.

रिक्षात मला वाटलं, रेशन ऑफिसात कारकुनासमोरच सांगणार, हिचं बदला म्हणून.

कारकून तसा बरा होता. कार्ड बघून हसला. "आजी, सुनेचं नाव बदलून टाका ना. तुम्हालाही सोपं, आम्हालाही सोपं."

सासूबाई टेबलाला धरून उभ्या होत्या. "माझं बदललं व्हतं लग्नात," त्या म्हणाल्या. "सोपं काय झालं न्हाय. सवय झाली. हे नाव मला ह्यांच्या घरानं दिलं, तिचं तिच्या आईबापानं दिलेलं हाय. दोघी हाव आम्ही. दोन लिवा."

त्यानं दोन लिहिली, शिक्का मारला.

परतताना मी विचारलं, "आई, तुमचं माहेरचं नाव काय होतं?" त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "आता त्या नावानं हाक मारलीस तर ओ दिली जाणार न्हाय माझ्याकडनं." म्हणून मी कधी मारली नाही.

संध्याकाळी कार्ड हातोहात फिरलं. नणंदेला फोनवर कळवायचं काम सासऱ्यांनी खालच्या दुकानातून केलं आणि तिची बोलणी ऐकून पडेल चेहऱ्यानं वर आले. सासूबाई भाकरी थापत होत्या. थापता थापताच मुलाला म्हणाल्या, "बायकोला नावानं हाक मार. चमचा काय वाजवतोस?"

"आई, तुझं नाव आहे ते."

"मला कोण हाक मारतंय त्या नावानं? तू आई म्हणतोस, हे अगं म्हणतात, शेजारीण मौसी म्हणते. पडूनच हाय. कुणीतरी वापरा."

तो उठला, पाणी प्यायला, पुन्हा बसला. मग जमिनीकडे बघत, चोरी केल्यासारखं, माझं नाव पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "परत हाक मार."

त्यानं परत मारली. या वेळी समोरच्या भाभींनाही ऐकू गेली.