झुंबरबाईचे दोन वाचणारे

झुंबरबाईला अक्षर येत नव्हतं, पण कागद दाखवून तिला फसवणं आमच्या गावात कोणाला जमत नव्हतं. शिकलेले लोक तिला हट्टी म्हणत. म्हणोत. ज्यांना सही करता येते तेच सगळ्यात आधी फसतात, हे मी तालुक्याच्या कचेरीबाहेर उभं राहून पुष्कळदा पाहिलं आहे.

आमचं गाव मोताळ्याच्या अंगाला, धामणगाव बढ्याच्या बाजाराला पायी जाता येईल इतक्या अंतरावर. झुंबरबाईचा नदीकाठी लहानसा मळा होता. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, थोडा मुळा. नवरा हिवतापानं गेला तेव्हा इंद्रभान रांगत होता. नवऱ्यामागं दिरानं तिला सामाईक विहिरीच्या पाळीचा कागद वाचून दाखवला. तुझी मोट दिवस मावळल्यावर, असं त्यात लिहिलं आहे म्हणाला. बाई अंधारात वाफे भरत राहिली आणि वांगी करपली. पुढं बाजारातल्या एका पाटी-पुस्तकवाल्यानं तोच कागद वाचला, तर तिची पाळी निघाली सकाळची. ती दिराशी भांडली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच बैल घेऊन विहिरीवर जाऊन उभी राहिली.

तेव्हापासून तिनं एक रीत धरली. कोणताही कागद एकाकडून वाचून घ्यायचा नाही. दोघांकडून घ्यायचा, आणि ते दोघं एकमेकांचे वैरी पाहिजेत. गावात तसे दोन तयारच होते. एक नारायणराव दुकानदार, दुसरे उत्तमराव, मोठे जमीनदार. उत्तमरावांच्या ओसरीत पोस्टाचंही काम चाले. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरच्या एका बाभळीपायी दोघांचं बोलणं तुटलं होतं. झाड केव्हाच वाळलं, भांडण हिरवं होतं. झुंबरबाई आधी एकाकडे जाई, मग दुसऱ्याकडे. पहिल्यानं काय वाचलं ते दुसऱ्याला सांगत नसे. दोन्हींचा मेळ बसला तर खरं.

"जे एकमेकाचं तोंड पाहत नाई, ते माह्याशी खोटं बोलाले कायले एक होतीन?" असं ती म्हणे.

त्या साली पाऊस सरता सरता घरोघर हिवताप आला. इंद्रभान तेव्हा चांगला मोट हाकणारा गडी झाला होता. एक दिवस हुडहुडी भरून गोधडीत पडे, एक दिवस उठून बसे, तिसऱ्या दिवशी पुन्हा पडे. डाव्या कुशीत पानथरी, म्हणजे तापानं सुजलेली प्लीहा, हाताला लागायला लागली. बापाचं असंच झालं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. झुंबरबाई त्याबद्दल बोलत नसे, पण तिनं बाजाराला जाणं बंद केलं.

सरकारनं पोस्टातून हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या विकायला ठेवल्या होत्या. उत्तमरावांनी तिला पुडकं दिलं आणि सोबतचा घडीचा कागद वाचूनही दाखवला. जेवण झाल्यावर गोळी घ्यावी. कान वाजू लागल्यास घाबरू नये. ज्वर उतरला तरी पुडक्यातील गोळ्या संपेपर्यंत घेणे बंद करू नये.

कागद घेऊन ती नारायणरावांच्या दुकानी गेली. त्यांनीही तेच वाचलं, अगदी शब्दाला शब्द. मेळ बसला. पण निघताना नारायणरावांनी तिच्या हातावर साखर ठेवली.

"काय हो हे?" तिनं विचारलं.

"सोयरीक जमली, झुंबरबाई. आपली पोरगी उत्तमरावच्या पुतण्याले दिली."

"बाभूळ?"

"तिचे मांडवाले डांभे करून रोवू म्हणतात व्याही."

साखर तिनं तोंडात टाकली, पण तिची रीत तिथंच मोडली. दोन वैऱ्यांचे दोन व्याही झाले होते. गोळ्या विकणारा म्हणतो सगळ्या खा, आणि त्याचा व्याहीही म्हणतो सगळ्या खा. आता मेळ बसला तरी त्याला मोल काय? तिनं आपल्या बुद्धीनं हिशेब केला. ताप असेस्तोवर गोळी दिली. ताप उतरला. इंद्रभानचे कान असे वाजायला लागले की हाक मारली तर वळून पाहीना. मग तिनं उरलेल्या गोळ्या गाडग्यात झाकून ठेवल्या. पुढच्या साली कामी येतील म्हणून.

आठवडाभरानं ताप परत आला.

मी त्या दिवशी मिरच्या घ्यायला म्हणून मळ्यात गेलो होतो. झोपडीत इंद्रभान दोन गोधड्यांखाली कुडकुडत होता, आणि बाई दारात कागद मांडीवर घेऊन बसली होती. तिनं सगळी हकीकत सांगितली, सोयरिकीसकट. मला रागच आला.

"मावशी, कागद खरा हाय का खोटा, हे सोयरिकीवर ठरते काय? पोरगं मरून राह्यलं अन् तू व्याही मोजत बसली."

"आवाज कमी कर. तो झोपला हाय." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "तुळशीराम, तुले वाचता येते ना?"

"येते. म्हणजे मी आपलंआपण शिकलो, पण येते."

"ते नाई विचारत. उत्तमरावशी तुह्यं काय हाय सध्या?"

"वाकडं हाय. गावची विहीर सगळ्याइले खुली करा म्हणून मी चावडीवर बोललो, तवापासून मले रामराम घेत नाई. मी बी घालत नाई."

"अन् नारायणरावशी?"

"त्याच्याशी बी वाकडं."

"तुह्यं सगळ्याशीच वाकडं असते," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा उजळला. "वाच बरं मग."

मी वाचलं. तिनं कागद माझ्या हातून घेतला आणि मला मिरच्यांच्या वाफ्यात जाऊन बसायला सांगितलं, पार टोकाला, ऐकू येणार नाही असं. शेजारच्या मळ्यातल्या एका बाईला पाठवून उत्तमरावांना बोलावून घेतलं. मोठा माणूस, पण गोधडीखालचा पोरगा ऐकून आला. मी दुरून पाहत होतो. ते दारात उभे राहूनच वाचत होते. बाईनं कागदावर बोट ठेवून एक ओळ त्यांच्याकडून पुन्हा वाचून घेतली. मग मला हाक मारली.

मला पाहताच उत्तमरावांच्या कपाळाला आठी पडली.

"हा इथी काऊन?"

"वाचाले आला," झुंबरबाई म्हणाली. "तुळशीराम, ताप उतरल्यावर काय म्हणते कागद? याइच्या तोंडावर सांग."

"गोळ्या संपेपर्यंत घेणे बंद करू नये," मी म्हणालो.

"मी काय दुसरं वाचलं?" उत्तमराव भडकले. "पहिल्यापासून हेच सांगून राह्यलो हिले. कोणाले खोटं वाचून मले काय भेटते?"

"विहीर खुली करायच्या ठरावाच्या वेळी चावडीवर काय उलटं वाचलं होतं तुम्ही, ते मले ठाऊक हाय," मी म्हणालो.

"तू विहीर मधी आणू नको बे."

"विहीर मधीच हाय, गावाच्या."

आमची जुंपली. झुंबरबाई मधे पडली नाही. ती शांतपणे ऐकत होती, एकदा माझ्याकडे पाही, एकदा त्यांच्याकडे. दोन माणसं खरोखर भांडतात की देखाव्याला, हे बाजारात बसणाऱ्या बाईला कळतं. तिची खात्री पटली तशी ती उठली. चुलीवरची कण्यांची पेज पोराला पाजली, गाडगं उघडलं आणि गोळी त्याच्या जिभेवर ठेवली.

इंद्रभाननं तोंड वाकडं केलं. "माय, कान वाजतीन पुन्हा."

"वाजू दे. कागदात लिहेल हाय तसं. मी तुले खुणेनं सांगत जाईन."

उरलेल्या गोळ्या पुरणार नव्हत्या, म्हणून उत्तमरावांनी नवं पुडकं पाठवायचं कबूल केलं. निघताना त्यांचा राग थोडा निवळला होता. पोराकडे पाहून माणूस नरमतो. मला म्हणाले, "ये एखाद्या दिवशी ओसरीवर. बसून बोलू त्या विहिरीचं."

मी हो म्हणणार, तोच झुंबरबाईनं माझी बाही धरली.

"आता नोका बसू," ती म्हणाली. "नव्या पुडक्यातला कागद वाचायचा हाय अजून. त्यात दुसरं काई लिहेल असलं तर मी कोणाकडे जाऊ?"

उत्तमराव हसले, आणि पागोटं सावरत बांधावरून निघून गेले.

नवं पुडकं आलं. तिनं त्याचा कागद पुन्हा आम्हा दोघांकडून, वेगवेगळा, वाचून घेतला. मी एकदा म्हटलं, "मावशी, मी तुलेच अक्षरं शिकवतो. मग कोणाची गरज नाई." ती म्हणाली, "अन् मी चुकली तर मले कोण पाहीन?"

ताप उतरला तरी रोज जेवण झालं की ती गोळी काढी, आणि इंद्रभान कानांवर हात धरून ती गिळे. पुडकं सरल्यावर काही दिवसांनी तो विहिरीवर बैल जुंपताना दिसला. त्याच संध्याकाळी झुंबरबाईनं मला निरोप धाडला, आता जाऊन बस म्हणून. मी उत्तमरावांच्या ओसरीवर गेलो.